सेल्टिकच्या पंगतीतले वाढपी

२५ मे १९६७ची संध्याकाळ. लिस्बनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, सेल्टिकच्या गोलजाळीत, गोलकीपर रॉनी सिम्प्सनची टोपी ठेवलेली होती आणि टोपीत होत्या कवळ्या. ऐन विशी-पंचविशीत पुढचे दात गमावलेले तरुण तेव्हा स्कॉटलंडच्या कष्टकरी वस्त्यांत सर्रास दिसत. कवळी लावून खेळणं धोक्याचं, आणि जिंकलोच तर जगभर जाणाऱ्या फोटोत बोळकं दिसणं त्याहून वाईट. म्हणून दात सिम्प्सनच्या हवाली केलेले. शेवटची शिट्टी वाजली. इंटर मिलानला २-१ असं हरवून सेल्टिक हा युरोपियन कप जिंकणारा ब्रिटनमधला पहिला क्लब ठरला. प्रेक्षक मैदानात घुसले, तेव्हा बॉबी लेनॉक्स हा फॉरवर्ड आपल्या गोलच्या दिशेने सुसाट धावत सुटला. त्याला दात गाठायचे होते.

सगळी धडपड तशी वायाच गेली. मैदानावर इतकी झुंबड उडाली की संघाला व्यासपीठापर्यंत जाताच आलं नाही आणि करंडक उचलला तो एकट्या कप्तान बिली मॅकनीलने. तो फोटो जगप्रसिद्ध आहे. दात लावून तयार झालेले बाकीचे दहाजण त्यात नाहीत.

स्मरणिकांचंही साधारण असंच होतं. पहिल्या पानांवर संस्थापक, मग अध्यक्ष, मग सुवर्णकाळाचे मानकरी, आणि उरलेले सगळे ‘आदी मंडळी’त. सेल्टिकच्या स्टेडियमबाहेर २००५ ते २०१५ या दहा वर्षांत चार पुतळे बसले: संस्थापक ब्रदर वॉलफ्रिड, विंगर जिमी जॉन्स्टन, व्यवस्थापक जॉक स्टीन आणि करंडक उंचावलेला मॅकनील. चौघांच्याही हक्काबद्दल वाद नाही. पण जुने प्रेक्षक गप्पांना बसले की पुतळ्यांची नावं लवकर संपतात. मग निघतात ती चार्ली गॅलाहर, सॅमी विल्सन, जो मॅकब्राइड अशी नावं. क्लबचा इतिहास या नावांवरूनही सांगता येतो, आणि तो जास्त रंगतो.

हा क्लब जन्मला तोच मुळी पोरांना जेवू घालण्यासाठी. आयर्लंडच्या दुष्काळानंतर ग्लासगोत आलेली हजारो कुटुंबं शहराच्या पूर्व भागातल्या कोंदट चाळींत राहत होती. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड हे स्वतः आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातले, मॅरिस्ट पंथाचे धर्मबंधू. गरीब मुलांसाठी चालवलेल्या अन्नछत्राला पैसा कमी पडू लागला. फुटबॉलला गर्दी जमते आणि गर्दीकडून तिकिटाचे पैसे मिळतात, हे त्यांनी एडिनबराच्या हिबर्नियन क्लबकडे पाहून ओळखलं. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात क्लबची स्थापना झाली. पहिला सामना २८ मे १८८८ला, रेंजर्सशी. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. पहिला गोल केला नील मॅकॅलमने. क्लबच्या पहिल्या गोलाचा मानकरी म्हणजे पुतळ्याचा पहिला उमेदवार. पण मॅकॅलमचं नाव आज प्रश्नमंजूषेपुरतं उरलंय.

(त्याच १८८८ साली इकडे सिमल्याला पहिला ड्युरँड कप झाला. अंतिम सामन्यातल्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या: रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री. हिंदुस्थानात फुटबॉल रुजवणाऱ्यांत स्कॉट सोल्जरांचा वाटा केवढा होता, हे यावरून कळावं.)

चार वर्षांत सेल्टिकच्या मैदानाच्या मालकाने वर्षाचं भाडं ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेलं. क्लबने शेजारची वीटभट्टीची पडीक जागा धरली. तिथे पाण्याने भरलेला भला मोठा खड्डा होता. तो बुजवायला गाडीमागून गाडी माती आली. आकडा सांगतात तो एक लाख गाड्यांचा. श्रमदानाला वस्तीतली माणसं होती. स्मशान सोडून नंदनवनात आल्यासारखं वाटतं, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि मैदानाचं ‘पॅराडाइज’ हे टोपणनाव आजतागायत टिकलं. खड्डा बुजवणाऱ्यांची यादी कुणी ठेवली नाही. १८९७मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला, लाभांश आला, आणि अन्नछत्राचा विषय हळूहळू मागे पडला. वॉलफ्रिडची बदली त्याआधीच, १८९२मध्ये, लंडनला झाली होती. पंगत उठली, वाढपी मात्र मैदानावर उरले.

पहिला ठळक वाढपी म्हणजे चिक गीटन्स. ५ सप्टेंबर १९३१, आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सशी सामना. दुसऱ्या डावात रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडूवर झेपावला, त्याच वेळी सेल्टिकचा बावीस वर्षांचा गोलकीपर जॉन थॉमसन त्याच्या पायांशी झेपावला आणि डोक्याला मार बसून पडला. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती, त्यामुळे गीटन्स या हाफबॅकने गोलकीपरची जर्सी चढवली आणि उरलेला सामना तो गोलमध्ये उभा राहिला. सामना ०-० सुटला. थॉमसन त्याच रात्री वारला. फाइफ परगण्यातल्या त्याच्या गावी अंत्ययात्रेसाठी ग्लासगोहून माणसं पन्नासहून अधिक मैल चालत गेली. थॉमसनवर गाणी झाली, त्याची समाधी आजही तीर्थस्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या दुपारी मित्राला उचलून नेताना पाहून, त्याच्याच जागी उभं राहून एकही गोल न खाल्लेल्या माणसाची आठवण काढणारे प्रेक्षकही होते. गोल राखणं हे गीटन्सचं कामच नव्हतं. थॉमसनची जागा पुढे जो केनवे या कॅनेडियनाने घेतली. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात फॉल रिव्हर संघाकडून तो सेल्टिकविरुद्ध असा खेळला होता की क्लबला त्याचं नाव लक्षात राहिलं होतं.

मग युद्ध, आणि युद्धानंतरचा पडता काळ. १९५३मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडचे चार आणि स्कॉटलंडचे चार क्लब घेऊन कॉरोनेशन कप भरवला, तेव्हा सेल्टिक लीगमध्ये आठवं होतं. बोलावलं गेलं ते बहुधा गर्दी खेचतं म्हणून. या संघाने आर्सेनलला १-०, मँचेस्टर युनायटेडला २-१ आणि अंतिम सामन्यात हिबर्नियनला २-० हरवलं. हॅम्पडन मैदानावर त्या दिवशी १,१७,०००हून अधिक माणसं होती. पहिला गोल नील मोचनचा, लांबून मारलेला. मिडल्सब्रोहून येऊन त्याला काही आठवडेच झाले होते. सेल्टिककडून लीगचा एकही सामना खेळण्याआधी त्याच्या हातात करंडक आला. पण गोलपेक्षाही लोकांना आठवत राहिला तो जॉन बॉनरचा दुसरा डाव. हिबर्नियनची फॉरवर्ड फळी तेव्हा स्कॉटलंडमध्ये सर्वोत्तम समजली जाई आणि ती पंचेचाळीस मिनिटं बॉनरवर तुटून पडली होती. बॉनर काही थोरांच्या यादीतला गोलकीपर नव्हता. आयुष्यातला सर्वोत्तम खेळ त्याने नेमका त्या दिवशी काढला, एवढंच.

१९ ऑक्टोबर १९५७च्या लीग कप अंतिम सामन्यात तर नाट्यच घडलं. सेल्टिकने रेंजर्सला ७-१ असं धुतलं. त्यात बिली मॅकफेलचे तीन गोल, मोचनचे दोन, विली फर्नीची पेनल्टी, आणि सगळ्यात पहिला गोल सॅमी विल्सनचा. हा विल्सन त्याच उन्हाळ्यात सेंट मिरन क्लबकडून आलेला. त्या क्लबने त्याला नको म्हणून मोकळं सोडलं होतं, म्हणजे सेल्टिकला तो फुकट मिळाला. मॅकफेल आणि विल्सन ही जोडी साधारण एकच हंगाम टिकली. मॅकफेल हेडरने चेंडू खाली द्यायचा आणि विल्सन तो घ्यायला अचूक हजर असायचा. याची खरी गंमत पुढे आहे. मध्यंतराला २-० होतं, म्हणजे आठांपैकी सहा गोल दुसऱ्या डावात झाले. आणि बीबीसीच्या चित्रणात दुसरा डावच नाही. मध्यंतरानंतर लेन्सवरचं झाकण काढायचं कुणीतरी विसरलं, असं सांगतात. त्यामुळे स्कॉटिश फुटबॉलमधला सगळ्यात गाजलेला निकाल अनेक वर्षं जगला तो मुख्यतः आजोबांच्या तोंडून. आजोबा गोलांचं वर्णन करताना आपला अंगठा, पंजा, समोरचे ग्लास असं सगळं वापरत असणार. कॅमेऱ्याने दगा दिला की माणूस तेवढं करतोच.

लिस्बनच्या संघाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे पुणे आणि लोणावळ्याच्या दरम्यानच्या पोरांनी युरोप जिंकावा तसं. पण अकरांच्या मागे आणखी पाच-सहा होते, आणि इथे जरा रेंगाळायलाच हवं.

जो मॅकब्राइड. १९६६च्या नाताळपर्यंत त्याने २६ सामन्यांत ३५ गोल मारले होते. २४ डिसेंबरला ॲबर्डीनच्या मैदानावर गुडघा गेला आणि हंगाम तिथेच संपला. त्या महिन्यातच स्टीनने हार्ट्सकडून ३०,००० पौंडांना विली वॉलेस आणला होता. लिस्बनला खेळला तो वॉलेस. मॅकब्राइडचा अर्धा हंगाम वगळला तर लिस्बनपर्यंतचा रस्ता कितपत सुकर झाला असता, हा वाद जुन्या प्रेक्षकांत कधीच मिटला नाही.

विली ओनील हंगामाच्या पूर्वार्धात बॅकच्या जागी नियमित खेळत होता. नाताळनंतर ती जागा जिम क्रेगला मिळाली. क्रेग ग्लासगो विद्यापीठातून शिकलेला दंतवैद्य! ज्या संघाचे दात टोपीत, त्याच संघात दाताचा डॉक्टर, हा योगायोग कुणी लिहून काढला असता तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने खोडला असता. अंतिम सामन्यात सातव्या मिनिटाला क्रेगने कॅपेलिनीला पाडलं असं ठरवून पंचांनी पेनल्टी दिली आणि मात्झोलाने गोल केला. क्रेगला तो निर्णय कधीच पटला नाही. पण ६३व्या मिनिटाला उजवीकडून आत आलेल्या याच क्रेगने चेंडू मागे ढकलला आणि टॉमी गेमेलने तो तोफेसारखा जाळ्यात घातला. फोटो आहेत ते गेमेलचे.

चार्ली गॅलाहर लिस्बनला प्रेक्षकांत बसला होता. पण तिथवर संघ पोचला तो त्याच्या पायामुळे. ८ मार्च १९६७, उपांत्यपूर्व फेरी, युगोस्लाव्हियाच्या वोयवोदिनाशी दुसरा सामना. पहिल्यात ०-१ अशी हार. सेल्टिक पार्कवर स्टीव्ही चामर्सने गोल करून बरोबरी साधली होती आणि शेवटचं मिनिट सुरू होतं. सेल्टिकला उजवीकडून कॉर्नर मिळाला. गॅलाहर कॉर्नर घ्यायला गेला. आधी छोटा पास देण्याच्या तयारीत दिसला, तो रस्ता बंद दिसला, मग दोन पावलं मागे आला आणि चेंडू उंच गोलसमोर टाकला. तो बरोबर मॅकनीलच्या कपाळावर उतरला. मॅकनीलचं हेडर म्हणून तो गोल अमर आहे. स्टेडियममध्ये असलेल्या माणसाला विचारा, तो आधी कॉर्नर सांगतो. याच गॅलाहरच्या नावावर आणखी एक नोंद आहे: स्कॉटलंडमध्ये जन्मून आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला तो पहिला खेळाडू.

आणि जॉन फॅलन. बदली म्हणून लिस्बनच्या बाकावर बसण्याची परवानगी फक्त राखीव गोलकीपरला होती, आणि तो फॅलन. पूर्ण नव्वद मिनिटं बसून राहिला. नियमाप्रमाणे पाहिलं तर त्या रात्रीचा बारावा माणूस हाच.

मैदानावरच्या अकरांतही दुर्लक्षित होतेच. जॉन क्लार्कचं टोपणनाव ‘द ब्रश’, म्हणजे झाडू. मॅकनील पुढे होऊन हवेतला चेंडू उडवायचा. त्याच्या मागे जे काही सांडेल ते क्लार्क शांतपणे झाडून घ्यायचा. लिस्बनला सिम्प्सन एकदा गोल सोडून पार बाहेर आला, इंटरचा फॉरवर्ड अंगावर येतोय आणि छत्तीस वर्षांच्या या गृहस्थाने चक्क टाचेने चेंडू मागे दिला. दिला कुणाला? क्लार्कला. तो तिथे असणार हे सिम्प्सनला न बघता ठाऊक होतं. पुढे अनेक वर्षांनी, नव्वदीच्या दशकाअखेरीस, क्लार्क क्लबमध्ये परतला तो खेळाडूंच्या कपड्यांची व्यवस्था पाहायला. युरोपियन कपविजेता माणूस विशीतल्या पोरांच्या जर्सी घड्या घालून ठेवायचा. ट्रेनर म्हणून लिस्बनच्या बाकावर होता तो १९५३चा नील मोचन.

सिम्प्सनची कथा तर वेगळ्या लेखाची. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ग्रेट ब्रिटनकडून खेळला, न्यूकॅसलकडून १९५२ आणि १९५५चा एफए कप जिंकला, आणि मग सगळ्यांनी त्याला संपला म्हणून सोडून दिलं. हिबर्नियनमधून १९६४ला तो सेल्टिकमध्ये आला तो राखीव म्हणून. हिबर्नियनचा तेव्हाचा व्यवस्थापक जॉक स्टीन. म्हणजे स्टीननेच त्याला जाऊ दिलं, आणि पुढे सेल्टिकमध्ये येऊन बघतो तर हा समोर उभा! संघातली पोरं त्याला ‘फेदर’, म्हणजे बापू म्हणत. स्कॉटलंडकडून पहिला सामना तो छत्तिसाव्या वर्षी खेळला, वेम्बलीवर, विश्वविजेत्या इंग्लंडला ३-२ हरवताना.

लिस्बनला विजयी गोल झाला ८४व्या मिनिटाला, स्टीव्ही चामर्सच्या पायाने. बॉबी मर्डोकने जोरात मारलेला चेंडू त्याने नुसता वळवला. ‘फुकटचा गोल’ म्हणणाऱ्यांना सराव पाहिलेले लोक सांगत की स्टीन त्यांच्याकडून हाच फटका पुन:पुन्हा घोटून घेई. विसाव्या वर्षी चामर्सला क्षयरोगाचा मेंदूज्वर झाला होता. त्यातून वाचणारे तेव्हा मोजके. तो वाचला, सेल्टिककडून दोनशेहून अधिक गोल मारले, आणि एप्रिल २०१९मध्ये गेला, मॅकनीलच्या नंतर अवघ्या आठवड्याने. ग्लासगोने तेव्हा दोघांनाही निरोप दिला. वर्तमानपत्रांत मॅकनीलची पानं जास्त होती, हे सांगायला नकोच.

पुढची वीस वर्षं भरभर. २१ मे १९७९ला रेंजर्सशी निर्णायक सामन्यात जॉनी डॉइलला मैदानाबाहेर काढलं. सेल्टिकने दहाजणांनिशी ४-२ जिंकून लीग घेतली. आधी स्वतः प्रेक्षक असलेला डॉइल १९८१मध्ये घरात विजेचा धक्का लागून गेला, अवघ्या तीस वर्षांचा. १९८६ला चमत्कार घडवला तो सेल्टिकच्या नव्हे, डंडीच्या खेळाडूने: बदली आलेल्या अल्बर्ट किडने शेवटच्या सात मिनिटांत हार्ट्सवर दोन गोल केले आणि सेंट मिरनला ५-० हरवणाऱ्या सेल्टिकला गोलफरकाने विजेतेपद मिळालं. सेल्टिकची जर्सी कधी न घातलेला हा माणूस चाहत्यांच्या यादीत कायम आहे.

शताब्दी हंगामात, १४ मे १९८८ला, स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्याला नेहमीचा गोलकीपर पॅकी बॉनर जायबंदी होता. गोलमध्ये उभा राहिला ॲलन मॅकनाइट. डंडी युनायटेडच्या केव्हिन गॅलाकरने त्याच्यावर गोल केला, आणि हा केव्हिन म्हणजे सेल्टिकचं जुनं दैवत असलेल्या पॅट्सी गॅलाकरचा नातू. फ्रँक मॅकॲव्हेनीने शेवटी दोन गोल करून सामना फिरवला. मॅकनाइट त्याच उन्हाळ्यात क्लब सोडून गेला.

१९९८मध्ये रेंजर्स सलग दहाव्या लीग विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते. सलग नऊचा विक्रम मुळात सेल्टिकचाच, रेंजर्सने त्याची बरोबरी केलेली. ९ मे रोजी सेंट जॉन्स्टनविरुद्ध जिंकणं भाग होतं. सेल्टिकच्या लार्सनने सुरुवातीलाच गोल केला, पण दुसरा होईना. तो केला नॉर्वेच्या हॅराल्ड ब्राटबॅकने. या ब्राटबॅकने त्या हंगामात इतक्या सोप्या संधी घालवल्या होत्या की त्याच्या पायाशी चेंडू आला की लोक डोळे मिटून घेत. त्या दिवशी डोळे मिटणाऱ्यांना गोल आवाजावरून कळला. निवृत्तीनंतर तो विमानाचा पायलट झाला.

६ नोव्हेंबर २०१२ला क्लबला सव्वाशे वर्षं पुरी झाली आणि दुसऱ्याच रात्री बार्सिलोना सेल्टिक पार्कवर आली. चेंडू जवळजवळ सगळा वेळ त्यांच्याकडे. वान्यामाच्या हेडरने सेल्टिक पुढे होतं. ७२व्या मिनिटाला टोनी वॉट नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आत आला, एअरड्रीहून विकत घेतलेला. ८३व्या मिनिटाला फोर्स्टरने लांब मारलेला चेंडू झावीला चुकवून पुढे आला आणि वॉटने तो जाळ्यात घातला. मेस्सीने भरपाई वेळेत एक परत केला, निकाल २-१. वॉट त्यानंतर बेल्जियमपासून इंग्लंडपर्यंत क्लब बदलत राहिला आणि त्या रात्रीइतकं पुन्हा काही घडलं नाही. त्याला कुणी अपयशी म्हटलं की सेल्टिकचे लोक रागावतात.

या पंगतीत एक पान कलकत्त्याचं आहे. मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर मोहम्मद सलीम १९३६मध्ये ग्लासगोला पोचला. तिथे राहणाऱ्या त्याच्या नातलगाने विली मेली या सेल्टिकच्या व्यवस्थापकाला गाठलं आणि भारतातून एक खेळाडू आलाय, पण तो अनवाणी खेळतो, असं सांगितलं. मेलीने परीक्षा घेतली आणि त्याला राखीव संघात उतरवलं. २८ ऑगस्टला गॅल्स्टनशी सामना झाला. सेल्टिक ७-१ जिंकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने मथळ्यात त्याला ‘इंडियन जगलर’ म्हटलं. हॅमिल्टनविरुद्धही तो खेळला. एक फोटो उपलब्ध आहे: जुना नामवंत खेळाडू आणि तेव्हाचा ट्रेनर जिमी मॅकमेनमी खाली वाकून सलीमच्या पायांना पट्ट्या बांधतोय. थोर माणूस पाहुण्याच्या पायाशी बसलाय, असा सेल्टिकच्या संग्रहात दुसरा फोटो नसेल.

क्लबने राहायचा आग्रह केला. सलीमला घरची ओढ लागली. काही महिन्यांत तो परतला आणि मोहमेडनकडून खेळू लागला. अधिकृत सामन्यांच्या नोंदीत त्याचं नाव नाही, कारण पहिल्या संघाकडून तो खेळलाच नाही.

अनेक वर्षांनी सलीम आजारी असताना त्याच्या मुलाने ग्लासगोला पत्र पाठवलं. पैसे मागायचे नव्हते; वडील तिथे अजून कुणाला आठवतात का, एवढंच पाहायचं होतं. उत्तर आलं, सोबत शंभर पौंडांचा बँक ड्राफ्ट. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला. सलीम १९८०मध्ये वारला.